माझा अंगठा भिगवणला पोचला त्याची हकीकत

मोरगाव

सुट्टी मिळाली की माणसं डोंगर चढायला सह्याद्रीत जातात. मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गेलो. या दोन तालुक्यांत डोंगर बघायचा तर आधी जमिनीवर पालथं पडावं लागतं, मग समोरचा बांध जरा उंच वाटतो. तरीही मोरगाव ते भिगवण, तीन दिवस, पाठीवर तंबू, पायांत नवे बूट आणि खिशात मोबाईल नाही, असा बेत मी आखला आणि जेवताना घरात जाहीर केला.

"मोबाईलशिवाय?" माझी बायको सुनंदा म्हणाली. "तुम्ही संडासात जाताना चार्जर घेऊन जाता."

हे खरं असल्यामुळे मी आमटीत लक्ष घातलं.

कारणं मी तीन सांगितली. मनाला शांतता, डोळ्यांना विश्रांती, आणि ज्या मातीत वाढलो ती पुन्हा एकदा पायाखालून घालणं. चौथं कारण पोटात ठेवलं, कारण ते पोटाचंच होतं. श्रावण चालू होता. आमच्या घरी श्रावणात 'अंडं' हा शब्दसुद्धा दार लावून उच्चारतात. आणि भिगवणला, उजनीच्या पाण्याकाठी, माझे जुने मित्र रशीदभाई यांचं मच्छीचं हॉटेल आहे. फोन नाही म्हणजे फोटो नाही, फोटो नाही म्हणजे पुरावा नाही. निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याआधी इतका स्वच्छ विचार फार थोड्या लोकांनी केला असेल.

मोह होऊ नये म्हणून आदल्या दिवशी फोनचा पिन सुनंदाकडून बदलून घेतला. तिनं पाठ फिरवून चार आकडे टाकले आणि मला सांगितले नाहीत. फोन माझ्या अंगठ्यानंही उघडतो, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही.

आता फोन ठेवायचा कुठं? घरी ठेवला तर सुनंदाच्या हातात. बरोबर घेतला तर माझ्या हातात. तेव्हा आमच्या भागातली एक जुनी सोय आठवली. एसटीच्या ड्रायव्हरशेजारी जी थोडी सपाट जागा असते, तिच्यावर निम्मा तालुका चालतो. कुणाचा जेवणाचा डबा, कुणाच्या आईच्या बीपीच्या गोळ्या, पंपाचा वायसर, लेकीकडे विसरलेला चष्मा, सगळं तिथं ठेवायचं, नाव सांगायचं आणि मागं व्हायचं. पावती नाही, सही नाही. वस्तू पोचते.

मोरगावला देवाचं दर्शन घेतलं, स्टँडवर चहा घेतला आणि फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटपट्टी गुंडाळत बारामतीच्या गाडीपाशी गेलो. वर लिहिलं होतं, 'रशीदभाई मच्छीवाले, भिगवण'.

"काय हाय ह्यात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मोबाईल."

"बिघडलाय?"

"नाही, चांगला आहे. मला तीन दिवस नको आहे."

त्यांनी माझ्या बुटांपासून टोपीपर्यंत बघितलं. "पाव्हणं, घरी भांडून आलाय का?"

"नाही हो."

"न्हाय, आमचं बी असंच हुतं. द्या हिकडं. बारामतीत भिगवणच्या गाडीत टाकतो."

रशीदभाईंना मी आधीच बजावून ठेवलं होतं: डबा उघडायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही. मेव्हणा आला, बायको आली, तरी नाही. मी पायी येईन आणि मीच घेईन. "शब्द दिला," रशीदभाई म्हणाले होते, आणि तो माणूस शब्दाचा इतका पक्का आहे की एकदा दिला की परत मागायची सोय राहत नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. डबा बंद करायच्या आधी मी नव्या बुटांचा फोटो काढून स्टेटस टाकलं: 'तीन दिवस मी जगात नाही. शोधू नका.' रेंज कमी होती, गोल चक्र फिरत राहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. स्टेटस लोकांपर्यंत पोचलंच पाहिजे, नाहीतर मी जगात नाही हे जगाला कळणार कसं? म्हणून फोन बंद न करता तसाच, चक्र फिरत असलेला, डब्यात टाकला. जगापासून सुटायला निघालेल्या माणसानं जगात आपल्याकडे किती जणांनी बघितलं याचा हिशेब मागं चालू ठेवला, तो असा.

कऱ्हाटी

मोरगाव ते कऱ्हाटी हा रस्ता सुंदर आहे, असं मी आता म्हणतो. चालताना म्हटलं नाही. दोन्ही बाजूंना मुरमाड माळ, मधूनमधून कणसाला आलेली बाजरी, बाभळी, आणि सगळीकडे शेळ्या. पहिल्या तासात उजव्या मांडीवर सात वेळा फोन थरथरला. फोन नव्हता. मांडीच थरथरत होती, सवयीनं.

एका बाभळीखाली पटका बांधलेले एक तात्या शेळ्या राखत बसले होते. त्यांना वेळ विचारली. त्यांनी कोपरीच्या खिशातून माझ्यापेक्षा मोठा फोन काढला. "साडेधा. तुमच्यापाशी न्हाय?"

"सोडला."

"सोडला म्हंजी, दारू सोडत्यात तसा?"

"तसाच."

"चांगलं हाय," तात्या म्हणाले. "आमचा जावई बी सोडतो. दर महिन्याला."

दुपार उतरताना कऱ्हाटीला आक्काच्या दारात पोचलो. आक्का ही माझी थोरली बहीण. दाजी साखर कारखान्यात कामाला, घरी दोन म्हशी, थोडा ऊस आणि एक मुलगी, वैष्णवी. वैशू बारावी झालेली, गावच्या दूध संकलनावर सकाळ-संध्याकाळ फॅट तपासायला उभी राहणारी. तिला दुग्धतंत्राच्या पदविकेला जायचं होतं. गवळ्यांच्या दुधात पाणी किती हे ती नजरेनं सांगते, ते आता तिला कागदावर शिकायचं होतं. त्या प्रवेशाचा अर्ज जूनमध्ये मीच भरला होता. फोन नंबराचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली होती, "आईचा टाकू का?" मी म्हणालो, "आईच्या फोनला कधी रिचार्ज नसतो. माझा टाक. माझा कधी बंद नसतो."

हे वाक्य मी पुढं पुन्हा लिहिणार नाही. वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, ठेचा. मी पुण्याहून चालणाऱ्यांसाठी खास मिळणाऱ्या पौष्टिक वड्या आणल्या होत्या. आक्कानं एक वडी हुंगली आणि रेडकाला दिली. रेडकानं हुंगली आणि खाली ठेवली. मग मी अंगणात तंबू काढला आणि आक्का दारात आली.

"इलास, हे काय?"

"तंबू. मी बाहेर झोपणार."

"माझ्या दारात?" आक्काचा आवाज चढला. "उद्या गाव काय म्हनंल? भाऊ पुन्याहून आला अन् बहिनीनं घरात घेतला न्हाय! दाजीचं अन् तुझं काय वाजलंय का?"

"आक्का, निसर्गात राहायचं आहे."

"मग घरात काय हाय? पाली हायत, उंदीर हायत, अजून कसला निसर्ग पायजे?"

शेवटी तडजोड झाली. तंबू गोठ्याच्या आडोशाला, रस्त्यावरून दिसणार नाही असा. मी डाव्या हातात दगड धरून खुंट्या ठोकायला घेतल्या आणि तिसरी खुंटी म्हणून उजव्या हाताचा अंगठा ठोकला. आक्कानं हळद भरून चिंधी बांधली आणि हातातला दगड काढून घेतला. तेवढ्या वेळात रेडकानं तंबूची दोरी चघळली. वडीपेक्षा ती त्याला आवडली.

वैशू अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मामा, उद्या नायतर परवा यादी लागनार हाय. पयल्या फेरीची."

"लागली की लगेच फोन कर मला," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

आक्कानं मान डोलावली. दाजींनी मान डोलावली. तीन दिवस फोनशिवाय राहायची घोषणा करून आलेला मी, आणि ती ऐकून हसलेली ती तिघं. आम्हा चौघांपैकी एकालाही या बोलण्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

बारामतीच्या पलीकडं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या टेम्पोतून बारामती ओलांडली. पायी प्रवासात हे बसतं का, असं कुणी विचारेल. टायरवरच्या प्रवासाला मी तंत्रज्ञान धरलं नव्हतं. शिवाय टाचेला फोड आला होता आणि नियम माझेच होते.

बारामतीत पुण्याचा माणूस जरा गोंधळतो. रुंद रस्ते, दुभाजकावर झाडं, झाडांना पाणी. मी घरच्यासारखं वाटावं म्हणून एखादा खड्डा शोधला, मिळाला नाही, म्हणून मिसळ खाऊन पुढं निघालो. शहराच्या बाहेर उतरून भिगवणच्या अंगानं आतल्या रस्त्यांनी चालू लागलो. इथं ऊस मागं राहतो आणि जमीन हळूहळू कोरडी होते. गवताळ माळ, मेंढ्यांचे कळप, लांबवर एखादी वस्ती. खरं सांगतो, त्या दुपारी दोन तास मला फोनची आठवण आली नाही. मग आठवण आली की आठवण आलेली नाही, आणि हे कुणाला तरी कळवावं असं इतक्या तीव्रतेनं वाटलं की पुन्हा मांडी थरथरली.

दिवस कलताना एका लहान वस्तीशी आलो. वडाला पार, पाराशेजारी मोकळी जागा. परवानगी विचारायला कुणी दिसेना, म्हणून खुंट्या ठोकल्या आणि नारिंगी तंबू पसरला. दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली. माळावर कुठून उगवली कळलं नाही.

चार खुंट्या, नारिंगी कापड आणि टोपीवाला परका माणूस बघून या भागात लोक एकच समजतात.

"कशाची मोजनी हाय?" एकानं विचारलं.

"मोजणी नाही. मी झोपणार आहे."

"पयल्या दिवशी असंच सांगत्यात. रस्ता हाय का कंपनी?"

"आमी एक गुंठा देनार न्हाय!" दुसरा ओरडला.

"आरं, भाव काय धरलाय ते तरी इचारा," मागून हलका आवाज आला. पुढच्यानं मागं वळून बघितलं. "तुला इकायचीय व्हय रं?" आणि त्या दोघांचं तिथंच जुंपलं. मी खुंटी धरून मधे उभा.

गावचे पोलीस पाटील आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. सगळे त्यांना आबा म्हणत होते. भांडण गप झालं.

"ओळखपत्र दावा," आबा म्हणाले.

"फोनमध्ये आहे."

"मग फोन काढा."

"फोन भिगवणला आहे."

"तुमी हितं अन् फोन भिगवणला?"

"हो."

"का?"

"मनःशांतीसाठी," मी म्हणालो. जमलेल्या पंधरा माणसांपैकी एकही हसलं नाही. ते फार वाईट असतं.

"घरच्या कुनाचा नंबर सांगा. मी लावतो."

इथं माझ्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट मला कळली. मला दोनच नंबर पाठ होते. एक माझा स्वतःचा, दुसरा लहानपणी शेजाऱ्यांकडे असलेल्या लँडलाईनचा. बायकोचा, बहिणीचा, रशीदभाईंचा, कुणाचाच नाही. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईचा नंबर 'सुनंदा' हे नाव दाबून लागतो, त्याच्यामागं आकडे आहेत हे मी विसरलोच होतो.

आबांनी मग जुनी पद्धत काढली. मूळ गाव कंचं? बहीण कुठं दिली? कऱ्हाटीत कुनाच्यात? चौथा प्रश्न विचारायची पाळीच आली नाही. घरातून डोक्यावर पदर घेत त्यांची सून बाहेर आली.

"आबा, ह्ये आमच्या आईच्या शेजारच्या आक्कांचं भाऊ. पुन्याचं." मग माझ्या तंबूकडे बघून तिनं आवाज खाली आणला. "लई शिकल्यालं हायती."

सगळ्यांना सगळं समजलं. कुणी खुंट्या नीट ठोकून दिल्या, कुणी पिठलं-भाकरी आणली. ज्याला जमीन विकायची होती तो मात्र बराच वेळ आशेनं बसून होता.

पुन्हा तोच पार

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी वाट सांगितली. "निंबाच्या झाडापासनं उजवीकडं वळा, वढा डाव्या हाताला ठेवा, की सरळ भिगवण. चौदा किलोमीटर."

सूचना उत्तम होती. फक्त त्या माळावर निंबाची झाडं बरीच आहेत आणि ओढे कोरडे असले की ते ओढे आहेत हे परक्याला कळत नाही. मी पहिल्या निंबापाशी वळलो. तो दुसरा असायला हवा होता. उन्हात चाललो, पाणी संपलं, एका मेंढपाळाच्या कुत्र्यानं मला दोन शेतं लांब नेऊन सोडलं. टाचेचा फोड फुटला. पण मन भिगवणला लागलं होतं: तव्यावर चिलापी, वर लाल तिखट, बाजूला कांदा. चिलापी हा उजनीचा मासा. दुपार कलताना लांबून एक वड दिसला. वडाखाली पार. वाटलं, चला, गाव आलं. जवळ गेलो तर पारावर आबा बसले होते.

मी सकाळपासून एक मोठा, सुबक गोल काढला होता.

आबा उडी मारून उठले. "आवो, कुठं हुता तुमी? भिगवण रोडला दोन गाड्या तुमाला हुडकत्यात!"

त्यांनी फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडं वैशू होती, आणि वैशू रडत होती.

"मामा, काल सांजच्याला यादी लागली. माझा नंबर लागलाय. आज पाच वाजंपर्यंत जागा पक्की करायचीय, न्हायतर दुसऱ्याला जाती. त्याला ओटीपी येतो. तुमच्या फोनवर येतो मामा! कालपासनं फोन करतीया, वाजतो पन कुनी उचलत न्हाय."

"तू कुठं आहेस?"

"भिगवणला. मी अन् आई, एसटीनं आलो. मामी म्हनली, त्यांचं लोकेशन परवापासनं मच्छीच्या हाटेलात हाय. श्रावणात गुपचूप बसून खात असतील, जाऊन धरा."

मी पारावर बसलो. बाभळीचे काटे, कुत्रं, फुटलेली टाच, सगळं मी सोसत होतो आणि माझा फोन तिकडं परवापासून मच्छीच्या हॉटेलात बसून माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

झालं होतं असं. हॉटेलात मी नाही हे बघून वैशूनं फोनवरून गावभर मामा हरवल्याची हाक दिली. आक्काच्या शेजारणीनं आपल्या लेकीला, म्हणजे आबांच्या सुनेला, सहज फोन केला. सून म्हणाली, "म्हंजी नारिंगी तंबूवालं?" तंत्रज्ञानाला माझा पत्ता लागला नव्हता, दोन बायकांना एका फोनमध्ये लागला.

"रशीदभाईंनी डबा उघडला का?" मी विचारलं.

"आधी न्हाय म्हनले. शब्द दिलाय म्हनले. मग मी रडाय लागले तवा उघडला. पन फोनला कुलूप हाय, मेसेज दिसत न्हाय."

मेसेज बाहेर दिसू नयेत अशी सोय मीच केली होती. ऑफिसात शेजारचा डोकावतो म्हणून. पिन सुनंदाकडं, पण ते वैशूला माहीत नव्हतं आणि मला आठवलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. फोन माझ्या अंगठ्यानं उघडतो. अंगठा भिगवणला पोचला पाहिजे. भिगवणला त्या घटकेला कुणाकडं गाडी नव्हती. रशीदभाईंची गाडी घेऊन त्यांचा मुलगा धक्क्यावर मासळीला गेला होता. इथं आबांची होती. साडेतीन वाजले होते.

आमचे आजोबा अंगठा उठवायचे. वडील सही शिकले. मी दोन भाषांत सही करतो. आणि एवढं शिकून गाडी पुन्हा अंगठ्यावरच येऊन थांबली होती.

आबांनी मोटारसायकल काढली. मी मागं बसलो, उजवा हात चिंधीसकट वर धरून. आबा गाडी सायकलीच्या वेगानं चालवतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबून राम राम घालतात, हेही.

"राम राम, आबा. कुठं निघाला?"

"ह्यांचा अंगठा घिऊन भिगवणला."

"काय झालं अंगठ्याला?"

मग आबा गाडी बंद करत. पाय टेकवत. यादीपासून सुरुवात करत.

"आबा, उशीर होतोय," मी म्हणायचो.

"आवो, इचारलं तर सांगायला नको? उद्या मी इचारल्यावर ती सांगनार न्हाईत."

चार ठिकाणी हकीकत झाली. पाचव्या ठिकाणी माणूसच आधी ओरडला, "आबा, थांबू नका! कळलंय! ती पोरगी वाट बघतीय!" हकीकत आमच्या पुढं निघून गेली होती.

भिगवण

हॉटेलात आलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला बावीस मिनिटं कमी होती. मधल्या टेबलावर फरसाणाचा डबा, त्याच्यापुढं माझा फोन, त्याच्या एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला वैशू. चार गिऱ्हाइकं जेवण थांबवून बसलेली. रशीदभाई झारा हातात घेऊन कढईपाशी.

"चालत आलात का?" रशीदभाईंनी विचारलं.

"भाई!"

"न्हाय, तसं ठरलं हुतं."

फोनमध्ये पाच टक्के चार्जिंग होतं. मी चिंधी सोडली आणि अंगठा टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुसून टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.' अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता, हळदीनं पिवळा. त्याच्यावरच्या रेषा खुंटीपाशी राहिल्या होत्या. चौदा किलोमीटर, राम रामांसह, ज्याला वाजतगाजत आणलं तो अंगठा फोननं ओळखला नाही.

वैशूनं घड्याळाकडे बघितलं. त्या एका बघण्यात मला माझे तीन दिवस दिसले, आणि ते फार छान दिसले नाहीत.

"पिन," मी म्हणालो. "पिन मामीकडं आहे."

आक्कानं आपल्या फोनवरून (वैशूनं कालच रिचार्ज मारला होता) सुनंदाला लावलं आणि आवाज मोठा केला. हॉटेलभर सुनंदा ऐकू आली.

"आलात का भिगवणला? म्हणजे, उठलात का तिथनं?"

"सुनंदा, पिन सांग. लवकर."

"आधी एक सांगा. मासे खाल्लेत?"

"नाही!"

"परवापासून लोकेशन तिथंच आहे."

"तो फोन आहे. मी आता आलोय. पिन!"

"रशीदभाई, खरं सांगा," सुनंदा म्हणाली.

रशीदभाईंनी झारा खाली ठेवला, जणू कोर्टात उभे आहेत. "वहिनी, अल्लाची शपथ, अजून एक काटा बी तोंडात घातला न्हाय."

मग सुनंदा म्हणाली, "एक, दोन, तीन, चार."

"काय?"

"पिन. एक दोन तीन चार. म्हटलं, तुम्ही आपल्या लग्नाच्या तारखेपासून सगळं करून बघाल, हे नाही करणार."

फोन उघडला. आधीचे सहा ओटीपी शिळे होऊन पडले होते. वैशूनं आक्काच्या फोनवर पुन्हा मागवला. माझा फोन थरथरला, या खेपेला खरोखर. मी सहा आकडे वाचले, तिनं टाकले. आक्कानं डोळे मिटले. पाचला अकरा मिनिटं असताना वैशूनं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पक्की झाली," ती आतून म्हणाली. चारही गिऱ्हाइकं एकदम बोलायला लागली. आबा बाहेर जाऊन रस्त्यावरच्या माणसांना सांगू लागले.

मी मोठेपणानं पाठीला टेकलो. म्हणालो, "बघ, शेवटी मामाचाच नंबर कामाला आला."

वैशूनं डोळे पुसले आणि फोन पुन्हा उचलला. "मामा, अजून एक ओटीपी येईल. तेवढा सांगा."

"कशाचा?"

"नंबर बदलतीया. आईचा टाकते. रिचार्ज मीच मारत जाईन, दुधाचं पगार हायत की माझं." ती रागावलेली नव्हती. गवळ्याला दुधात पाणी आहे हे सांगताना असते तशी, शांत होती.

मी आकडे वाचले. लगेच दुसरा संदेश आला: 'आपला मोबाईल क्रमांक या अर्जातून काढण्यात आला आहे.' त्याच्याखाली परवाच्या स्टेटसची सूचना दिसली. ते पोचलंच नव्हतं. मी जगात नाही हे तीन दिवस कुणालाच कळलं नव्हतं. कळलं होतं ते एवढंच, की मी श्रावणात मच्छीच्या हॉटेलात आहे. मग फोन बंद पडला. तीन दिवस चालून मला फोनमधून जेवढं सुटता आलं नाही, तेवढं त्या पोरीनं मला एका ओळीत सोडवलं, आणि सांगायला हरकत नाही, जरा लागलं.

आक्का आणि वैशू सहाच्या गाडीनं निघाल्या. आबा त्यांच्याआधीच निघाले होते, कारण परतीच्या वाटेवर सगळ्यांना शेवट सांगायचा होता. मी एकटाच टेबलाशी राहिलो. बाहेर उजनीचं पाणी पिवळं झालं होतं. रशीदभाईंनी न विचारता ताट आणून ठेवलं. तव्यावरची चिलापी, वर लाल तिखट, बाजूला कांदा.

"श्रावण आहे, भाई," मी म्हणालो.

"मग उचलतो." त्यांनी हात पुढं केला, पण ताटाला लावला नाही. "तसा फोन बंद हाय तुमचा. अन् वहिनींना जे वाटायचं ते परवापासनं वाटून झालंय."

मी विचार केला. शिक्षा तर भोगून झाली होती. गुन्हा तेवढा राहिला होता.

सुनंदा हे वर्णन वाचणार आहे, म्हणून एवढंच लिहितो: चिलापीला काटे फार असतात, आणि ते काढायला डावा अंगठा चालतो.